जुन्या घाटाचा लॅपटॉप घ्यावा कीं न घ्यावा?

२०२५ च्या श्रावणांत आमच्या घरीं एक मोठा वाद माजला. एकत्र कुटुंबांत वाद होतात ते बहुधा लग्नकार्यांतील आहेरावरून, नाहीं तर सकाळच्या न्हाणीघराच्या पाळीवरून. या खेपेस मात्र वादाचा विषय लॅपटॉप हा होता. धाकट्या भावाच्या मुलीस संगणकशास्त्राच्या पदवीच्या वर्गांत प्रवेश मिळाला, आणि स्वतःचा लॅपटॉप असल्यावांचून त्या अभ्यासांत एक पाऊलही पुढें पडत नाहीं, हें घरांत सर्वांस मान्य होतें. प्रश्न एवढाच होता कीं, तो कोणता घ्यावा?

दुकानदारानें दोन दाखविले. पहिला नव्या घाटाचा : १४ इंची, सडपातळ, रुपेरी, एका बोटानें उघडणारा, किंमत ७२,००० रुपये. दुसरा १५.६ इंची, जाडसर, करड्या रंगाचा, स्क्रीनभोंवतीं रुंद काळी चौकट असलेला. किंमत ५४,००० रुपये. दुसऱ्याविषयीं दुकानदारानेंच प्रामाणिकपणें सांगितलें, “आंतले भाग बदलले आहेत, पण अंग तेंच. चार वर्षें कंपनीनें त्याला हात लावलेला नाहीं.” घरीं येऊन ही हकीकत सांगतांच अण्णांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, निकाल देऊन टाकला : “यंत्र काय दिवाणखान्यांत मांडावयाचें आहे? काम होतें ना? मग अठरा हजार कां घालवावे? जुन्या घाटाचा घ्या.”

यावर पुतणी हळूच, पण स्पष्टपणें म्हणाली, “आजोबा, तीन वर्षांपूर्वीं दादाला लॅपटॉप घेतला, तेव्हां दुकानांतला सर्वांत नवा घेतला. त्या वेळीं ‘काम होतें ना’ असें कोणी म्हणालें नाहीं. काटकसर माझ्याच वेळेला कां आठवली?”

बैठकींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं निवडतां निवडतां हातांतली मेथीची जुडी तशीच खालीं ठेवली. अण्णांनीं चष्मा काढून पुसला. प्रश्न आतां केवळ यंत्राचा राहिला नव्हता. मुलाच्या आणि मुलीच्या वस्तूंस घरांत एकच माप लावतात कीं नाहीं, असा तो झाला होता. अखेर अण्णाच म्हणाले, “तिचें म्हणणें खोटें नाहीं. मग असें करा, दोन्ही यंत्रांची नीट चौकशी करा. स्वस्त आहे म्हणून जुन्या घाटाचें घ्यावयाचें नाहीं, आणि चकचकीत आहे म्हणून नवेंही घ्यावयाचें नाहीं.” चौकशीचें काम माझ्याकडे आणि खुद्द पुतणीकडे आलें. तींतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण हा प्रश्न आज घरोघरीं पडतो, आणि त्याचें उत्तर बहुधा दुकानाच्या दिव्यांखालीं घाईघाईनें दिलें जातें.

घाट जुना कां राहतो?

लॅपटॉपाचे दोन भाग मनांत वेगळे धरले पाहिजेत. एक त्याचें अंग : कवच, बिजागऱ्या, स्क्रीन व तिची चौकट, कीबोर्ड, वायरी जोडण्याचीं तोंडें, हवा खेळण्याच्या वाटा. दुसरा त्याचा जीव : प्रोसेसर, मेमरी आणि माहिती सांठविणारी एसएसडी. नवें अंग घडवावयाचें तर नवे साचे करावे लागतात, बिजागऱ्यांची आणि उष्णतेची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते, आणि हा खर्च मोठा असतो. म्हणून महाग यंत्रांना नवें अंग आधीं मिळतें, आणि मध्यम किमतीच्या यंत्रांना पुष्कळदां तेंच अंग तीन-चार वर्षें पुरवावें लागतें. जीव तेवढा बदलत जातो. जुन्या वाड्यांत नवी वीजजोडणी करावी, त्यांतलाच हा प्रकार.

यांत फायदेही आहेत. चार वर्षें चाललेल्या अंगाचे दोष लोकांस कळून चुकलेले असतात, त्याचे सुटे भाग मिळणें सोपें असतें, आणि कारागिराचा हात त्यावर बसलेला असतो. घाट जुना असणें हें कमीपणाचेंच लक्षण आहे, असेंही नाहीं. आयबीएम कंपनीनें १९९२ सालीं थिंकपॅड काढला. रिचर्ड सॅपर या रचनाकारानें त्याला काळ्या, चौकोनी जपानी जेवणाच्या डब्याचें रूप दिलें. २००५ सालीं तो धंदा लेनोव्हो कंपनीकडे गेला, तरी काळा रंग, चौकोनी अंग आणि कीबोर्डाच्या मध्यावरील तांबडा ठिपका हीं त्याची ओळख होऊन राहिलीं. तीस वर्षांहून अधिक काळ लोक तें रूप पाहूनच तो विकत घेत आले. तेव्हां केवळ रूपावरून यंत्रास म्हातारें ठरविणें, हें माणसाच्या अंगरख्यावरून त्याचें वय ठरविण्यासारखें आहे.

जुनें अंग, नवा जीव

या बाबतींत सर्वांत बोलकें उदाहरण ॲपल कंपनीच्या मॅकबुक एअरचें आहे. जानेवारी २००८ मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं हा लॅपटॉप कागदपत्रांच्या लिफाफ्यांतून बाहेर काढून लोकांस दाखविला. २०१० सालापासून त्याचें अंग मागें जाड आणि पुढें निमुळतें, पाचरीसारखें झालें. २०१८ सालीं स्क्रीन सुधारून त्याला जें अंग दिलें, तेंही त्याच वळणाचें. नोव्हेंबर २०२० मध्यें कंपनीनें त्याच अंगांत इंटेलच्या प्रोसेसरऐवजीं स्वतःचा एम१ हा प्रोसेसर बसविला. बाहेरून पाहणाऱ्यास कांहींच फरक दिसेना. परंतु आंतला पंखा नाहींसा झाला, वेग पुष्कळ वाढला, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणें एकदां भरलेल्या बॅटरीवर १८ तास चित्रपट पाहतां येऊं लागला. भारतांत त्याची आरंभींची किंमत ९२,९०० रुपये होती.

२०२२ सालीं सपाट अंगाचा, एम२ प्रोसेसरचा नवा एअर आला. त्याची किंमत १,१९,९०० रुपये ठेवण्यांत आली. त्याच्याशेजारीं पाचरीच्या घाटाचा एअर शिळा दिसूं लागला. तरीही तो मार्च २०२४ पर्यंत कंपनीच्या यादींत टिकला, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें निघालेली मॅकओएस टाहो ही प्रणालीही त्यावर चालते. आतां यांतील मौज पहा. मार्च २०२० मध्यें निघालेला इंटेलच्या प्रोसेसरचा एअर दिसावयास अगदीं तसाच होता. पण त्यावर टाहो चालत नाहीं. अंग एक, वर्षही एक. आयुष्य मात्र आंतल्या जीवावरून ठरलें.

अर्थात् त्या एम१ लाही एक मर्यादा होती. त्याच्या साध्या प्रकारांत मेमरी ८ जीबीच असे आणि ती मागाहून वाढवितां येत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्यें याच कंपनीनें आपल्या सर्व नव्या एअरांत निदान १६ जीबी देण्यास आरंभ केला. ८ जीबीचे दिवस सरत आले, ही त्या धंद्यानेंच दिलेली कबुली होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नवें नांव, जुना जीव

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एएमडी कंपनीनें सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या लॅपटॉपांच्या प्रोसेसरांस नांवें देण्याची एक नवी रीत जाहीर केली. तींतील चार अंकांपैकीं पहिला अंक यादीचें वर्ष सांगतो (७ म्हणजे २०२३), दुसरा दर्जा सांगतो, आणि आंतील रचना कोणत्या पिढीची हें तिसरा अंक सांगतो. आतां ‘रायझेन ५ ७५२०यू’ हें नांव घ्या. पहिला अंक ७, म्हणून तें २०२३ चें. पण तिसरा अंक २, म्हणजे आंतील रचना झेन २, जी प्रथम २०१९ सालीं बाजारांत आली. त्याच यादींतील ‘रायझेन ५ ७५४०यू’ पहा. तिसरा अंक ४, म्हणजे २०२२ ची झेन ४. दोन नांवांत अवघा विसाचा फरक. रचनेंत दोन पिढ्यांचा! कंपनीनें हें लपविलें असें म्हणतां येणार नाहीं; नांवाची किल्ली तिनें स्वतःच प्रसिद्ध केली होती. पण दुकानांतील पाटीवर ती किल्ली टांगलेली नसते, आणि गिऱ्हाईक मोठा आंकडा पाहून समाधान पावतें.

इंटेलच्या बाबतींतही असेंच. जानेवारी २०२४ मध्यें ‘कोअर ५ १२०यू’ हें नवें नांव आलें. त्यांतून पूर्वींचें ‘आय’ हें अक्षर आणि पिढीचा आंकडा हीं दोन्ही गेलीं. आंत मात्र वर्षभरापूर्वींच्या तेराव्या पिढीचीच रचना किंचित् वेग वाढवून बसविली होती. तेरावी पिढी घरकामास किंवा अभ्यासास अपुरी पडते असें मुळींच नाहीं. परंतु नव्या नांवासाठीं चार-पांच हजार अधिक मोजणाऱ्यानें आपण कशाचे पैसे देत आहों, हें विचारावयास नको काय?

एवढ्या चौकशीनंतर आम्हां दोघांच्या मनांत एक सूत्र पक्कें झालें, आणि पुढचा सर्व विचार आम्हीं त्याच सूत्रानें केला : जुनें असणें हा दोष नव्हे, जुन्यास नव्याचा भाव देणें हा दोष होय.

दादाच्या लॅपटॉपाची कथा

आतां ज्या यंत्रावरून पुतणीनें टोमणा मारला, त्याविषयीं. माझ्या मोठ्या पुतण्याचा लॅपटॉप २०२२ च्या दिवाळींत घेतला. दुकानांतील सर्वांत पातळ, सर्वांत हलका. घरांतील बायकामाणसांनीं त्याला हळदकुंकू वाहिलें, आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चोपड्यांशेजारीं त्याला मानाची जागा मिळाली. मेमरी ८ जीबी होती. “पुढें लागली तर वाढवूं” असें मीच मोठ्या शहाणपणानें म्हणालों होतों.

दोन वर्षांत त्याला इमारतींचे नकाशे काढण्याचें काम पडूं लागलें, आणि यंत्र अडखळूं लागलें. मेमरी वाढवावी म्हणून आम्हीं तो कारागिराकडे नेला. त्यानें खालचें झांकण काढून मला आंत पाहावयास सांगितलें. मेमरीची पट्टी बसविण्याची खांच मुळीं नव्हतीच. चिपा मुख्य पाटीवर डाख देऊन पक्क्या केलेल्या होत्या. तो म्हणाला, “साहेब, हें लग्न आहे, यांत काडीमोड नाहीं.” पुढें सहा महिन्यांनीं डावी बिजागरी निसटली. ती पातळ प्लॅस्टिकांत बसविलेल्या पितळी बोंडांवर तोललेली होती. बोंडें उखडलीं, आणि दुरुस्तीस ९,००० रुपये लागले.

हा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हें सांगण्यांत अर्थ नाहीं. पातळपणासाठीं मेमरी डाख देऊन बसविण्याची रीत आज पुष्कळ कंपन्यांची आहे, आणि दोष आमच्या अज्ञानाचाही होता. सांगावयाचें तें असें कीं, ज्या यंत्राचा पुतणीला हेवा वाटत होता, तें तीन वर्षांतच थकलें होतें. हें तिनें कारागिराच्या टेबलावर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, तेव्हां तिच्या मनांतली अर्धी अढी गेली. उरलेली अर्धी मात्र न्याय्य होती, आणि ती कायम राहिली.

दुकानदाराच्या संमतीनें आम्हीं त्या जाड यंत्राची माहिती काढली. प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीचा आय५. मेमरी १६ जीबी, आणि तीही दोन खांचांत बसविलेल्या सुट्या पट्ट्यांची. एसएसडी बदलतां येण्याजोगी. बॅटरी आंत, पण स्क्रूनें बसविलेली. कॉलेजांतील प्रयोगशाळेंत उपयोगी पडणारें, वायरीच्या इंटरनेटचें तोंड आणि एचडीएमआयचें पूर्ण मापाचें तोंड हीं दोन्ही त्यांत होतीं. नव्या पातळ यंत्राची मेमरीही १६ जीबी होती, पण ती डाख दिलेली. जुन्या अंगाचा जाडपणा हा असा कामास येतो : त्याच्या पोटांत जागा असते.

जुन्या घाटाचीं खरीं वैगुण्यें

परंतु एकाच बाजूचें बोलणें बरें नव्हे. जुन्या अंगाचीं वैगुण्यें खरीं आहेत, आणि तीं रोज डोळ्यांसमोर असतात.

पहिलें वैगुण्य स्क्रीनचें. जुन्या घाटाची स्क्रीन १६:९ या प्रमाणाची, म्हणजे रुंद आणि बुटकी असते. नव्या घाटांत १६:१० हें प्रमाण रूढ होत आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या जागीं १९२० बाय १२०० ठिपके, म्हणजे उंचींत १२० ठिपक्यांची वाढ. ज्याला दिवसभर प्रोग्रॅमच्या ओळी किंवा लांबलचक लेख वाचावयाचा आहे, त्याला ही वाढ जाणवते. याहून महत्त्वाचें तें रंगांचें. स्वस्त यंत्रांच्या माहितीपत्रकांत ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट्स’ असें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, रंग फिके दिसतात आणि खिडकीजवळ बसल्यास अक्षरें पुसट होतात. आमच्या वहिनींनीं याची परीक्षा फार नामी केली. दुकानांतल्या दोन्ही यंत्रांवर त्यांनीं एकाच जांभळ्या साडीचें चित्र लावावयास सांगितलें. जुन्या यंत्रावर ती साडी धुवट निळी दिसली. वहिनी म्हणाल्या, “या यंत्रावर साडी पसंत केली तर घरीं दुसरीच येईल.”

दुसरें वैगुण्य कॅमेऱ्याचें. जुन्या चौकटींत बहुधा ७२० ओळींचा कॅमेरा असतो. संध्याकाळच्या उजेडांत त्यांतून माणूस ओळखूं येतो एवढेंच. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत आणि ज्यांना आठवड्यांतून एकदां नातवाचें तोंड दिसावयाचें असतें, त्यांनीं हें लहानसें वैगुण्य समजूं नये. तिसरें वजनाचें. १.७ किलो आणि १.३ किलो यांतील फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. लोकलच्या गर्दींत खांद्यावर घेतला कीं तो कळतो. चौथें चार्जरचें. कांहीं जुन्या अंगांत गोल पिनेचाच चार्जर चालतो. तो हरवला तर तसलाच शोधावा लागतो. यूएसबी-सी तोंडांतूनही वीज घेणारें यंत्र असेल तर उत्तम.

पांचवें बॅटरीचें, आणि तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. लिथियमची बॅटरी वापरली नाहीं तरीही वयानें झिजते. वर्ष-दीड वर्ष गोदामांत पडून राहिलेला ‘नवा’ लॅपटॉप आणि कालच कारखान्यांतून आलेला लॅपटॉप यांची बॅटरी सारखी नसते. यासाठीं खोक्यावरील निर्मितीचा महिना वाचावा, आणि बिजागरीची परीक्षा तेथेंच करावी. झांकण एका कोंपऱ्यास धरून सावकाश उघडावें. स्क्रीन पिळली जाऊन कुरकुरली, किंवा कवचाचा सांधा फांकला, तर तें यंत्र घेऊं नये.

यांपैकीं कोणतीं वैगुण्यें सोसतां येतील, हें ज्याचें त्यानें ठरवावें. एक नियम मात्र सर्वांस लागू आहे. जें मागाहून बदलतां येतें, म्हणजे खांचेंतील मेमरी, एसएसडी, बॅटरी, त्याचें उणेपण चालेल. जें बदलणें व्यवहारांत परवडत नाहीं, म्हणजे प्रोसेसर, स्क्रीन, बिजागऱ्या, त्याचें उणेपण चालणार नाहीं.

आयुष्याचा हिशेब

यंत्र मोडलें नाहीं तरीही तें एके दिवशीं म्हातारें ठरतें, कारण त्याची प्रणाली चालविणारी कंपनी आपला हात काढून घेते. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा लागतो. आठवी पिढी २०१७ सालीं सुरू झाली. त्यामुळें २०१६ सालचीं कित्येक यंत्रें, जीं अजून उत्तम चालतात, त्यांची अधिकृत वाट बंद झाली. म्हणून वय मोजावयाचें तें खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर आंतल्या प्रोसेसरच्या जन्मापासून.

आम्हीं हिशेब असा केला. नवें यंत्र सहा वर्षें चालेल असें धरूं. जुन्या अंगाचें, पण तेराव्या पिढीचें यंत्र त्याहून एक वर्ष कमी, म्हणजे पांच वर्षें चालेल असें धरूं. नव्याची किंमत ७२,००० रुपये, म्हणजे वर्षास १२,००० रुपये. तेव्हां पांच वर्षें चालणाऱ्या यंत्राची रास्त किंमत ६०,००० रुपये झाली. यापेक्षां तें स्वस्त मिळालें तरच घेण्यांत अर्थ. यापेक्षां महाग असेल तर जुन्या घाटाचें नांवही काढूं नये. आंकडे कोणी आपल्या अंदाजानें बदलावे; रीत मात्र हीच.

ही रीत लगेच उपयोगीं पडली. दुसऱ्या एका दुकानांत अगदीं तोच जाड लॅपटॉप ६५,००० रुपयांस सांगितला. वर पिशवी आणि माउस फुकट. यंत्र तेंच, पण तेथें तें घेण्यालायक नव्हतें. आम्ही चहाही न घेतां उठलों.

शेवटीं काय ठरलें

निर्णय अण्णांनीं पुतणीवरच सोंपविला. “७२,००० रुपये तुझ्या नांवें बाजूस काढले आहेत,” ते तिला म्हणाले. “नवा घ्यावयाचा तर घे, कोणी एक शब्द बोलणार नाहीं. जुन्या घाटाचा घेतलास तर उरलेले पैसेही तुझेच, तुझ्याच अभ्यासाला.” मला वाटतें, सगळ्या प्रकरणांतील खरी न्यायाची गोष्ट हीच होती. मुलीनें काटकसर करावी, आणि त्या काटकसरीचें पुण्य घरानें घ्यावें, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. काटकसर जिची, शिल्लकही तिची, असें झालें तरच त्या काटकसरीस अर्थ आहे.

तिनें दोन दिवस विचार केला. ती फिकी स्क्रीन तिला पसंत नव्हतीच. दुकानदारास विचारतां कळलें कीं, त्याच अंगाचा, अधिक चांगल्या स्क्रीनचा प्रकार ५७,००० रुपयांस मिळतो. तिनें तो घेतला. वहिनींच्या जांभळ्या साडीची परीक्षा त्यानें बऱ्यापैकीं पार पाडली. उरलेल्या १५,००० रुपयांतून ९,५०० रुपयांचा २४ इंची मॉनिटर घेतला. घरीं अभ्यास करतांना लॅपटॉपाची वायर एचडीएमआयच्या तोंडांतून त्याला जोडली कीं ओळी भरपूर दिसतात आणि मानही वांकवावी लागत नाहीं. बाकीचे ५,५०० रुपये पुढें बॅटरी बदलावी लागेल म्हणून तिनें आपल्या बँकेच्या खात्यांत ठेवले.

मेमरी आरंभींच १६ जीबीची घेतली, हें फार बरें झालें. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर झपाट्यानें चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं मागणी इतकी वाढविली कीं, मायक्रॉनसारख्या कंपनीनें किरकोळ गिऱ्हाइकांसाठीं चालविलेला ‘क्रूशल’ हा धंदा बंद करण्याचें त्याच डिसेंबरांत जाहीर केलें. खांच मोकळी असणें चांगलें. पण जेवढी आज लागते तेवढी मेमरी आजच घ्यावी, हा धडा त्यांतून मिळाला.

तेव्हां जुन्या घाटाचा मध्यम किमतीचा लॅपटॉप घ्यावा काय? प्रोसेसर अलीकडील पिढीचा, मेमरी १६ जीबी, स्क्रीन डोळ्यांस सोसणारी, बिजागऱ्या घट्ट, आणि किंमत त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या मानानें कमी असेल तर खुशाल घ्यावा. ज्याला रोज तो खांद्यावर वाहावयाचा आहे, किंवा ज्याचें काम रंगांचें आणि चित्रांचें आहे, त्यानें मात्र नव्या घाटासाठीं पैसे द्यावेत. ते वायां जाणार नाहींत. आणि यांपैकीं प्रोसेसर किंवा मेमरी हींच जुनीं असतील, तर वरून कितीही नवा दिसला तरी त्याला हात लावूं नये.

परवां दादा आपलें पातळ यंत्र घेऊन बहिणीजवळ आला आणि म्हणाला, “माझा नकाशा उघडत नाहीं. तासभर तुझा देतेस काय?” तिनें मॉनिटरची वायर काढून लॅपटॉप त्याच्यापुढें सरकविला, आणि म्हणाली, “देतें. पण दादा, झांकण सावकाश उघड. अजून पांच वर्षें काढावयाचीं आहेत.” अण्णा कोंपऱ्यांत वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं तें खालीं केलें नाहीं. पण तें किंचित् हललें, एवढें मीं पाहिलें.